खंडाळ्याचा पावसाळा आणि घरांतील ओल

बोर घाटाच्या माथ्यावरील खंडाळ्याचें नांव निघालें कीं मुंबई-पुण्याच्या माणसाला धबधबे, धुकें आणि हिरव्यागार दऱ्या आठवतात. तो शनिवारीं तेथें जातो, मनसोक्त भिजतो, गरम भजीं खातो आणि रविवारीं परत येतो. त्याच्या भिजलेल्या कपड्यांचें पुढें काय झालें, याची चिंता घरांतील दुसऱ्याच कोणाला तरी करावी लागते. खंडाळ्यांत बारा महिने संसार करणाऱ्या घराला मात्र ही चिंता रोजची असते, आणि ती एका दिवसाची नसून चार महिन्यांची असते. कपाटांतील लुगडीं, डब्यांतील डाळ, बरणींतील लोणचें, अंथरूण, काड्यापेटी, भिंतीवरची तसबीर, यांपैकीं एकहि वस्तु ओलीच्या तावडींतून सहजासहजीं सुटत नाहीं. ही ओल कोठून येते, ती घराचें काय बिघडविते आणि तिला आवर कसा घालावा, हें समजून घेणें शहरवासीयांनाहि उपयोगाचें आहे. सिमेंटच्या पक्क्या घरांतहि हीच ओल येते. तेथें फक्त ती उशिरां दिसते.

प्रथम पावसाचें कारण पाहूं. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्येचे वारे कोंकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन धडकतात. खोपोलीची सखल जमीन आणि खंडाळ्याचा माथा यांच्या उंचींत सुमारें ५०० मीटरांचा फरक आहे. पुढें वाट नाहीं म्हणून ही हवा वर चढते, वर चढतां चढतां थंड होते, आणि थंड हवेला वाफ धरून ठेवतां येत नाहीं म्हणून आपल्याजवळचें पाणी तेथेंच सांडते. म्हणूनच आषाढांत नागफणीचा सुळका दिवसच्या दिवस ढगांत बुडालेला असतो. लोणावळें-खंडाळें या टापूंत वर्षाकांठीं ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-सत्तर किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास तो ७०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. हा सारा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

बोर घाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली. त्यानंतर मुंबईचे धनिक लोक येथें हवा पालटण्यासाठीं येऊं लागले व त्यांनीं ऐसपैस बंगले बांधले. हे बंगले उन्हाळ्यांत व दिवाळींत गजबजतात आणि पावसाळ्यांत बहुधा बंद राहतात. असा बंद बंगला चार महिन्यांनीं उघडला म्हणजे आंतून कुबट वास येतो, गाद्यांवर काळे ठिपके पडलेले असतात, आणि चामड्याच्या जोड्यांवर हिरवी बुरशी चढलेली असते. पण त्याच आवारांतील माळ्याचें दोन खोल्यांचें कौलारू घर पाहावें, तर तें पुष्कळ कोरडें असतें. पाऊस दोघांवर सारखाच पडला. बंगल्याच्या भिंती जाड, छप्पर भक्कम. माळ्याच्या भिंती साध्या. मग बंगला ओला कां आणि खोपटें कोरडें कां? या प्रश्नाच्या उत्तरांतच ओलीचें सगळें शास्त्र सांठविलेलें आहे.

हवा ही वाफेचें एक भांडें आहे असें समजावें. हें भांडें गरम असतांना मोठें होतें व थंड झालें कीं आंखडतें. २२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर १९ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा ३० अंशांपर्यंत तापविली तर तिच्यांत सुमारें ३० ग्रॅम मावते. आषाढांतील खंडाळ्याची हवा बहुधा २२ ते २४ अंशांच्या आसपास असते आणि ती वाफेनें कांठोकांठ भरलेली असते. भरलेल्या भांड्यांत आणखी पाणी मावणार कसें? म्हणूनच दोरीवरचें धोतर तीन दिवस वाळत नाहीं. परंतु हीच हवा घरांत घेऊन थोडीशी तापविली, तर तिच्यांत नवी जागा निर्माण होते. २२ अंशांची भरलेली हवा ३० अंशांपर्यंत तापविली म्हणजे ती केवळ दोन-तृतीयांश भरलेली राहते. बुरशीला वाढण्यासाठीं हवा शेंकडा सत्तरांहून अधिक भरलेली लागते; त्याखालीं तिची वाढ बहुतेक थांबते. माळ्याच्या घरांत चूल रोज पेटते, दार दिवसांतून दहा वेळां उघडतें, तापलेली हवा वाफ घेऊन कौलांच्या फटींतून निघून जाते. बंद बंगल्यांत ना ऊब, ना वाट. म्हणून तो कुजतो. ऊब आणि वाट या दोन गोष्टी एकत्र असल्या तरच घर कोरडें राहतें. त्यांपैकीं एकटी कोणतीहि पुरी पडत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. घरांतील ओल म्हणजे पावसाचेंच पाणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. कौल फुटलें, भिंत पाझरली, तर तें पाणी पावसाचें खरें. त्याचा बंदोबस्त वैशाखांतच कौलें चाळून, गच्चीच्या भेगा बुजवून करावा लागतो. पण छप्पर शाबूत असतांहि जी ओल येते, तिचा मोठा वांटा घरांतच तयार होतो. उकळणारें वरण, न्हाणीघरांतील ऊन पाणी, माणसांचा श्वास, हीं सर्व वाफेचीं उगमस्थानें आहेत. आंत वाळत घातलेल्या एका कुटुंबाच्या कपड्यांतून एका दिवसांत दोन-तीन लिटर पाणी सहज हवेंत मिसळतें. याहून आश्चर्य गॅसच्या शेगडीचें आहे. एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक पाणी स्वयंपाकघरांत गुपचूप ओतलें गेलेलें असतें. खिडकी उघडी असेल तर तें निघून जातें. खिडकी बंद असेल तर तें थंड भिंतीवर, कपाटाच्या पाठीमागें आणि मिठाच्या बरणींत जाऊन बसतें.

जुन्या घरांत चुलीवर माळा असे, आणि त्या माळ्याचा उपयोग केवळ अडगळ ठेवण्यापुरता नव्हता. बियाण्याचीं कणसें, काकडी-भोपळ्याचें बीं, कांद्यांच्या व लसणीच्या जुड्या, टोपल्या, सुपें, सर्व तेथें ठेवीत. चुलीची ऊब व धूर दोन्ही त्यांना मिळत. उबेनें वस्तु कोरड्या राहत आणि धुरानें कीड दूर राही. परंतु ज्या धुरानें बीं राखलें, त्याच धुरानें पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसें बिघडविलीं, हें विसरून चालणार नाहीं. चूल गेली तें योग्यच झालें. मात्र चुलीबरोबर माळ्याची ऊबहि गेली, धुराड्याची वाटहि गेली, आणि त्यांच्या जागीं दुसरी व्यवस्था करावयाची असते हें पुष्कळ घरांच्या ध्यानांत आलें नाहीं. गॅसची शेगडी असलेल्या स्वयंपाकघरांत स्वयंपाक चालू असेपर्यंत तरी खिडकी उघडी हवी, किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. भातावर झांकण हवें. आणि न्हाणीघराचें दार स्नानानंतर आंतल्या बाजूला उघडें न टाकतां त्याची बाहेरची खिडकी उघडावी.

"बाहेर ढग दारांत आला असतां खिडकी उघडावयाची कशी?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर वाऱ्याच्या दिशेंत आहे. खंडाळ्यास पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्या झडीच्या दिवसांत मिटाव्या, आणि पूर्वेकडील, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या खिडक्या वरच्या बाजूनें थोड्या उघड्या ठेवाव्या. गरम व ओली हवा हलकी असल्यानें वरून निघून जाते. दुपारीं दोन घटका उघडीप मिळाली कीं मात्र सर्व दारें-खिडक्या, कपाटें व पेट्याहि उघडाव्या. कपाट भिंतीला चिकटून न ठेवतां मध्यें चार बोटें जागा सोडावी. गादी जमिनीवर सतत पसरलेली न ठेवतां सकाळीं उचलून उभी करावी. बुरशी प्रथम धरते ती अशाच जागीं, जेथें थंड पृष्ठभाग असतो आणि हवा हलत नाहीं.

उबेचा विषय निघाला असतां एका प्राणघातक चुकीविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. थंडी आणि ओल घालविण्यासाठीं कोळशाची शेगडी खोलींत आणून, दारें-खिडक्या लावून झोंपण्याची कित्येकांची रीत आहे. धूर दिसत नाहीं म्हणून निखारे निरुपद्रवी वाटतात. पण निखाऱ्यांना हवा अपुरी पडली कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबडा पदार्थ प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून ठेवतो, आणि त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर आंतल्या आंत गुदमरतें. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें, गळून गेल्यासारखें होतें, आणि झोंप येते. ती झोंप अखेरची ठरूं शकते. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरनेंहि हेंच घडतें, व शहरांत असे अपघात अनेकदां झालेले आहेत. पूर्वीं बाळंतिणीच्या खोलींत निखाऱ्यांवर टोपलें पालथें घालून त्यावर दुपटीं वाळवीत. पण तें काम ओसरीवर किंवा उघड्या दाराशीं करावें, आणि झोंपण्यापूर्वीं शेगडी घराबाहेर ठेवावी. कोणास अशी बाधा झालीच, तर प्रथम त्याला मोकळ्या हवेंत न्यावें आणि तत्काळ रुग्णालय गांठावें.

आतां कोठीकडे वळूं. ओलीशीं खरा सामना मृगाच्या पहिल्या सरीपूर्वींच होत असतो. चैत्र-वैशाखांतील कडक ऊन ही गृहिणीची वर्षाची ठेव होय. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, हळद, चिंच, कोकम, सर्व त्या उन्हांतून काढून मगच बरण्यांत जातात. धान्याची गोष्ट अशीच आहे. मावळांत भात कार्तिकांत कापलें जातें. तें तुसासकट कणगींत ठेवून लागेल तसें कांडून घेण्याची जुनी रीत होती. तूस हें दाण्याचें नैसर्गिक आवरण असल्यानें भात हें तांदळापेक्षां अधिक टिकतें. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ आज या भागांत घरोघर असतो. परंतु तो गिरणींतून सडून आलेला असतो, म्हणून त्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

धान्य सांठविण्यास शेंकडा १२-१३ पर्यंत ओलावा चालतो, शेंगदाण्यास ७-८ च्या वर नको. घरांत हें मोजावयाचें कसें? दाण्याला दांतांखालीं धरावें. कोरडा दाणा 'कट्' असा आवाज करून फुटतो, ओला दाणा दबतो. याहून चांगली परीक्षा मिठाची. तव्यावर भाजून निववलेलें मीठ चमचाभर घ्यावें, तें कोरड्या कांचेच्या बरणींत दोन-तीन मुठी धान्याबरोबर घालून बरणी चांगली हलवावी, आणि दहा मिनिटें तशीच ठेवावी. मीठ कांचेस चिकटलें किंवा त्याचे गोळे झाले, तर धान्य अजून ओलें आहे; मीठ सुटें राहिलें, तर तें सांठविण्याजोगें आहे. उन्हांतून काढलेलें धान्य तापलेलें असतांनाच डब्यांत कोंबणें ही फार मोठी चूक होय. गरम दाण्यांतून निघणारी वाफ डबा निवतांच पत्र्याच्या आंतल्या बाजूस पाणी होऊन सुटते आणि वरचा थर प्रथम नासतो. धान्य सावलींत पसरून पूर्ण निवूं द्यावें, मग भरावें.

एकदां भरलेला मोठा डबा ऐन झडींत वारंवार उघडूं नये. उघडीप असेल त्या दिवशीं पंधरा दिवसांपुरतें धान्य लहान डब्यांत काढून घ्यावें व मोठ्याचें झांकण पुन्हां घट्ट लावावें. वाल, मूग, चवळी यांस एरंडेलाचा हात लावण्याची चाल केवळ रूढि नव्हे; तेलाचा पातळ थर भुंगेऱ्याच्या अंड्यांस हवा मिळूं देत नाहीं, म्हणून किडा फुटत नाहीं. कडुनिंबाचा पालाहि उपयोगी आहे, मात्र तो सावलींत पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला घातल्यास तोच ओलीचें कारण होतो. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची अलीकडची प्रथा मात्र टाळावी. पोटांत जाणाऱ्या अन्नांत ती नको.

बुरशी धरलेल्या धान्याविषयीं घरोघर एक दयाळू गैरसमज आहे. "वरचें काढून टाका, धुवा, भाजा, बाकीचें चालेल," असें म्हटलें जातें. अन्न वायां जाऊं नये ही भावना थोर खरी, पण येथें ती घातक ठरते. १९६० सालीं इंग्लंडमध्यें एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात्‌ मेले. त्यांना दिलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशी होती, आणि त्या बुरशीनें निर्माण केलेल्या विषाचा शोध त्यांतूनच लागला. त्याला अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें. पुढें १९७४ सालीं गुजरातेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांत पावसांत भिजून बुरसलेला मका खाल्ल्यानें गरीब कुटुंबांत काविळीची साथ पसरली. ३९७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील १०६ दगावले. या विषाचा आघात यकृतावर होतो, आणि घरच्या शिजविण्यानें वा भाजण्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. शेंगदाणे, मका, सुक्या मिरच्या व सुकें खोबरें यांना ही बुरशी विशेष आवडते. लोणावळें-खंडाळ्याची चिक्की सर्वत्र प्रसिद्ध आहे. तिच्यांतील आणि घरच्या लाडवांतील दाणा निवडतांना सुरकुतलेला, काळवंडलेला किंवा खवट-कडू दाणा निर्दयपणें फेंकून द्यावा. त्या चार दाण्यांची किंमत ती काय!

मीठ आणि गूळ यांना पाणी सुटतें तें एकाच स्वभावामुळें. दोन्ही पदार्थ हवेंतील वाफ ओढून घेतात. मिठाला चिनी मातीची बरणी व लाकडी चमचा, गुळाला घट्ट झांकणाचा डबा, हेच उपाय खरे. चिक्कीचा पाक पाण्यांत टाकल्यावर त्याची टणक गोळी होऊन कडकन मोडेपर्यंत आटवितात, म्हणजे त्यांतील बहुतेक पाणी उडवून लावितात. म्हणूनच ती कुरकुरीत होते, आणि म्हणूनच पुडा उघडा राहिला तर हवेंतील ओलावा घेऊन चिकट होते. लोणच्याचा शत्रुहि हाच आहे. फोडी तेलाखालीं बुडालेल्या असाव्या, मीठ भरपूर असावें, आणि बरणींत ओला चमचा कधींहि जाऊं नये. रोजच्या पानावर वाढावयाचें लोणचें लहान बरणींत वेगळें काढून ठेविल्यास मोठी बरणी वर्षभर टिकते.

कपड्यांच्या बाबतींत शिवणाची आणि खळीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. खळ म्हणजे तांदळाची किंवा साबुदाण्याची पेज, आणि ती बुरशीचें उत्तम अन्न होय. पावसाळ्यांत कपाटांत ठेवावयाचीं सुती वस्त्रें खळ काढून, स्वच्छ धुवून, कडकडीत वाळवून ठेवावीं. रेशमी व जरीचीं वस्त्रें जुन्या मऊ सुती धोतरांत गुंडाळावीं, वेखंडाचा तुकडा जवळ ठेवावा, आणि उघडीप मिळेल तेव्हां घडी मोडून पुन्हां वेगळ्या रेघेवर घालावी, नाहींतर वस्त्र घडीवर विरतें. कपाटांत कळीच्या चुन्याचें मडकें ठेविल्यास तें ओल शोषून घेतें, परंतु चुना हातास व डोळ्यांस भाजतो म्हणून तें मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. शिवणाच्या सुया लोकरीच्या तेलकट चिंधींत खोंचून ठेवाव्या. शिवणयंत्राला तेल देऊन त्यावर कापड झांकावें.

पांघरुणांत वाकळ किंवा गोधडी येथें कापसाच्या गादीहून श्रेष्ठ ठरते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक रचून जवळजवळ धावदोरा घातला म्हणजे थरांमध्यें हवा कोंडली जाते आणि ऊब टिकते. शिवाय ती धुतां येते व पातळ असल्यानें लवकर वाळते. कापूस भरलेली गादी मात्र एकदां ओल प्याली कीं आंतून कोरडी होतच नाहीं. म्हणून गोधड्या वैशाखांत शिवून तयार ठेवण्याची जी चाल होती, तींत फावल्या वेळाच्या विरंगुळ्यापेक्षां पुढच्या चार महिन्यांचा विचार अधिक होता. लोकरीची घोंगडीहि यासाठींच मावळांत घरोघर असे. लोकर आपल्या वजनाच्या शेंकडा तीसपर्यंत ओलावा आंत घेऊनहि अंगाला ओली लागत नाहीं.

परसबागेंतहि हाच नियम वेगळ्या रूपानें दिसतो. अति पावसानें झाड मरतें तें पाणी जास्त प्याल्यानें नव्हे, तर मुळांना हवा न मिळाल्यानें. मातींतील बारीक पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं मुळें गुदमरतात व कुजतात. तुळस, गुलाब, शेवंती या कुंड्यांच्या तळाचीं भोंकें मृगापूर्वीं मोकळीं करावीं व कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्या. भाजीचे वाफे खंडाळ्यास खोल न करितां उंच करावे, आणि मधून पाणी निघून जाण्यास उताराचे चर ठेवावे. मेथी-कोथिंबिरीचीं नाजूक रोपें झोडपणाऱ्या पावसांत तग धरीत नाहींत. त्यांचा हट्ट भाद्रपदापर्यंत सोडावा. त्याऐवजीं काकडी, दोडका, पडवळ, भोपळा व घेवडा यांचे वेल मांडवावर चढवावे. मांडवामुळें फळ जमिनीला टेकत नाहीं आणि पानांमधून वारा खेळतो. मोरीच्या सांडपाण्यावर अळू लावण्याची जुनी युक्ति फार शहाणपणाची आहे; तें पाणी पितें, चिखल होऊं देत नाहीं, आणि वर घराला भाजी देतें.

जेव्हां लागवडीची भाजी महाग व दुर्मिळ होते, त्याच सुमारास डोंगर स्वतः भाजी वाढूं लागतो. आसपासच्या ठाकर व कातकरी स्त्रिया टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं अशा रानभाज्या बाजारांत आणतात. या भाज्या कोवळ्या असतांनाच घ्याव्या आणि विकणारीलाच त्यांची कृति विचारावी, कारण ते ज्ञान तिच्याजवळ पिढीजात आहे. शेवळं व अळू यांत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व ते घशाला टोंचतात. म्हणून शेवळांबरोबर काकडाचीं आंबट फळें आणि अळवाबरोबर चिंच घालून तीं पुरेपूर शिजवावीं लागतात. रानांतील अळिंब्यांच्या बाबतींत मात्र ओळख पक्की नसल्यास मोह आवरावा. विषारी आणि खाद्य अळिंबी शेजारीं शेजारीं उगवते.

हें सर्व वाचून एखाद्या गृहस्थाला वाटेल कीं घर कोरडें ठेवण्यासाठीं फार मोठा खर्च लागत असेल. खर्च थोडा आहे. लागतें तें लक्ष. उघडीप पाहून कपाट उघडणें, निवलेलें धान्य भरणें, चमचा कोरडा ठेवणें, खिडकी योग्य वेळीं योग्य बाजूची उघडणें, यांपैकीं कोणतेंहि काम पांच-दहा मिनिटांहून मोठें नाहीं. पण हीं कामें दिवसांतून वीसदां आठवावीं लागतात, आणि आजवर तीं बहुतेक घरांत एकाच व्यक्तीनें आठवलीं. घर कोरडें राहिलें तर तिचें काम कोणाला दिसत नाहीं. डाळीला किडा लागला तर मात्र सर्वांना दिसतो. ही वांटणी बदलतां येण्यासारखी आहे. मिठाची परीक्षा दहा वर्षांचा मुलगाहि करूं शकतो व त्यांत त्याला गंमतहि वाटेल. कौलें व चर पाहणें, गाद्या उचलणें आणि रात्रीं झोंपण्यापूर्वीं शेगडी, गीझर व खिडक्या यांवरून एक नजर फिरविणें हें घरच्या पुरुषांनीं आपल्याकडे घ्यावें. येत्या वैशाखांत छप्पर चाळून झालें कीं हीं कामें कागदावर लिहून, प्रत्येकापुढें नांव घालून, तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागें लावावा. मृग लागण्यापूर्वीं एवढें झालें, तर चार महिने घर कोरडें राखण्याची निम्मी तयारी झाली असें समजण्यास हरकत नाहीं.